चवड्यांवर उभी राहिलेली गाडी

मी चाकणमधल्या एका कंपनीत मापं घेतो. गाड्यांच्या सस्पेन्शनचे सुटे भाग आमच्याकडे तयार होतात आणि ते ड्रॉइंगप्रमाणे झालेत की नाही, हे सांगणं माझं काम. केसाच्या जाडीहून कमी फरक मी पकडतो. लग्न ठरताना पहिल्याच भेटीत हे मी वर्षालीला सांगितलं होतं. तिने चहाचा घोट घेतला आणि "बरं" म्हणाली. मी ते कौतुक समजलो.

वर्षाली फिजिओथेरपिस्ट आहे. पिंपरीत एका दवाखान्यात ती लोकांचे गुडघे, कंबर आणि चाल ताळ्यावर आणते. आम्ही राहतो चऱ्होलीत, एका नव्या सोसायटीत, जिथे अर्ध्या इमारतींना रंग लागलाय आणि अर्ध्यांना अजून बांबू. माझं गाव उदगीर. तिकडे आमच्या घरात कोणाकडे चारचाकी नव्हती, त्यामुळे सेकंडहँड का होईना, लाल हॅचबॅक दारात आली तेव्हा मी ती महिनाभर नुसती पुसली. मग पुसून समाधान होईना.

इथे दिग्विजय येतो. तो आमच्याच कंपनीत डिस्पॅचला आहे आणि रविवारी ऑटोक्रॉस खेळतो. म्हणजे मोकळ्या आवारात नारिंगी कोन मांडायचे आणि त्यांच्यामधून एकेका गाडीने घड्याळ लावून, वळणं घेत जायचं. त्याच्या नादाने मी गाडीला आखूड स्प्रिंग बसवल्या. गाडी खाली बसली, रुंद चाकं बाहेर डोकावू लागली, आणि सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरला तिचं पोट रोज घासू लागलं. तो आवाज आला की पार्किंगमधली माणसं वळून बघायची. मला वाटायचं, गाडी बघतात.

"भावा, नुसती खाली करून भागत नाही," दिग्विजय म्हणाला. "खरी मजा अलाइनमेंटमध्ये आहे."

मापांचा विषय निघाला म्हणजे माझाच विषय. मी आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि मग वर्षालीला जेवताना समजावून सांगायला बसलो. समोरून बघितलं तर चाकाचा माथा आत झुकलाय की बाहेर, तो कॅम्बर. वरून बघितलं तर दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे आहेत की एकमेकांपासून फिरलेली, तो टो. अंगठे आत वळवून उभं राहिलं की टो-इन, फेंगडे पाय करून उभं राहिलं की टो-आउट. साध्या गाडीची चाकं जवळजवळ सरळ ठेवतात. पण वळणात पटकन घुसायचं असेल तर पुढच्या चाकांना किंचित टो-आउट द्यायचा आणि माथे किंचित आत झुकवायचे.

"म्हणजे चांगल्या चालणाऱ्या गाडीला तू फेंगडी करणार," ती म्हणाली.

"किंचित," मी म्हणालो.

अलाइनमेंटच्या दुकानात जायचा प्रश्नच नव्हता. तिथला माणूस चाकांना मशीन लावतो आणि पडद्यावरचे आकडे हिरवे झाले की गाडी सोडतो. हिरवे म्हणजे कंपनीने ठरवलेल्या मर्यादेत. मला मर्यादेत राहायचं नव्हतं. शिवाय अख्ख्या शिफ्टभर दुसऱ्यांच्या चुका मोजणाऱ्या माणसाने स्वतःची चार चाकं मोजायला बाहेर जायचं, हे मला कमीपणाचं वाटलं.

रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये गाडीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी स्टूल ठेवले आणि त्यांच्यामध्ये नायलॉनचा दोरा ताणून बांधला. दोऱ्यापासून रिमच्या पुढच्या कडेचं अंतर आणि मागच्या कडेचं अंतर, यांतल्या फरकावरून टो कळतो. पद्धत जुनी आहे आणि बरोबर आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात दोऱ्याचा काही दोष नव्हता.

सोपानराव खाली आले. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्या भावकीची. बिल्डरने दिलेल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये ते राहतात आणि सोसायटीत काहीही चाललं असलं तरी प्लास्टिकची खुर्ची घेऊन तिथे येऊन बसतात.

"काय साहेब, मांडव घालताय का?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. चाकांची दिशा बघतोय."

"दिशा चुकलीया व्हय?"

"चुकली नाही. थोडी बदलायचीय."

"अन् मंग चुकली तर?"

"मी मोजूनच बदलणार आहे," मी जरा ताठून सांगितलं. कंपनीतली मापाची उपकरणं घरी आणायची परवानगी नव्हती, म्हणून मी स्वतःचं व्हर्नियर घेतलं होतं. ते केसमधून काढताना मी सोपानरावांना दिसेल असं काढलं.

आखूड स्प्रिंगमुळे कॅम्बर थोडा आपसूकच आला होता. उरलेला मी खास बोल्ट मागवून दिला. मग जॅक लावून गाडी उचलली, स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा नट सैल केला, दांडा फिरवला, जॅक काढला आणि लगेच माप घेतलं. पुन्हा उचलली, पुन्हा फिरवला, पुन्हा उतरवून लगेच माप. गाडी दुपारपर्यंत अशी वरखाली होत राहिली. शेवटी दोन्ही बाजू मला हव्या होत्या तशा जुळल्या. व्हर्नियरवरचा आकडा बघून मला इतका आनंद झाला की मी त्याचा फोटो काढला.

"झालं?" सोपानरावांनी विचारलं.

"झालं."

"दिसतीया तर हाय तशीच," ते म्हणाले आणि खुर्ची उचलून जेवायला गेले.

सोमवारी सकाळी चाकणच्या रस्त्याला लागलो तेव्हा गाडी जिवंत झाल्यासारखी वाटली. फारच जिवंत. तिथे कंटेनरच्या वजनाने डांबर दबून चाकोऱ्या पडल्या आहेत. इतके दिवस माझी गाडी त्यांवरून मुकाट जायची, आता ती प्रत्येक चाकोरीशी ओळख काढायला लागली. एक चाक डावीकडच्या चाकोरीत शिरायचं, दुसऱ्याला उजवीकडची आवडायची, आणि मी मध्ये बसून दोघांची समजूत काढायचो. स्टिअरिंग क्षणभर मोकळं सोडायची सोय नव्हती. मी स्वतःला सांगितलं, यालाच फीडबॅक म्हणतात. रस्ता हाताशी बोलतोय.

त्या दिवशी दिग्विजयला मी मुद्दाम सोबत घेतलं होतं. तो मोशीपासून कंपनीपर्यंत दारावरचं हँडल धरून बसला होता.

"कशी वाटली?" मी गाडी लावत विचारलं.

"खतरनाक," तो म्हणाला. मी ते कौतुक समजलो. दुसऱ्या दिवशी त्याने फोन करून सांगितलं, "राव, मी आपला कंपनीच्या बसनेच येतो. बसमध्ये झोप होते."

पुढच्या महिन्यात आई उदगीरहून आली. इंदुताई म्हणून अख्ख्या गल्लीत तिचा दरारा. कोणाला वाईट वाटेल म्हणून ती शब्द गिळत नाही. तिला आळंदीला दर्शनाला न्यायचं ठरलं. मी तिला मागच्या सीटवर ऐसपैस बसवलं. चऱ्होलीपासून आळंदी ती किती, पण तेवढ्यात तिने तीनदा पदर सावरला.

"निरंजन, ते चक्र सारखं का हलवलालास?"

"रस्ता तसा आहे आई."

"रस्ता तर सरळ दिसलालाय मला."

मी तिला सांगितलं की ही शर्यतीची सेटिंग आहे, सवय नसलेल्याला तसं वाटतं. दर्शन झाल्यावर आम्ही इंद्रायणीच्या घाटावर बसलो. निघायची वेळ झाली तेव्हा ती म्हणाली, "तू जा पुढं. मी बसनं येते. बसमधून गाव दिसतंय." आणि ती खरंच बसने आली. मी घरी पोचलो तेव्हा वर्षालीने दार उघडलं, माझ्यामागे कोणी नाही हे बघितलं, आणि पुन्हा एकदा "बरं" म्हणाली.

आता एखाद्या शहाण्या माणसाने विचार केला असता की आपली गाडी सोडून लोक बसने का जायला लागलेत. मी असा निष्कर्ष काढला की लोकांना परफॉर्मन्स कळत नाही.

ऑटोक्रॉसचा रविवार उजाडला. चाकणजवळ एका गोदामाचं नवं आवार होतं, काँक्रीट ताजं, गोदाम अजून सुरू न झालेलं. आयोजकांनी कोन मांडले होते, शेवटी थांबायची चौकट आखली होती आणि तिच्या पलीकडे, जरा लांब, चहाचं टेबल होतं. वर्षाली आली. सोपानरावही त्यांच्या पांढऱ्या मोठ्या गाडीतून आले. "मला बी दावा तुमची दिशा," असं त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

माझी पाळी आली. आणि हे खरं सांगतो, पहिली वळणं अशी गेली की माझा मलाच हेवा वाटला. स्टिअरिंग फिरवायची खोटी, की गाडीचं नाक कोनाच्या कुशीत. कॅम्बरने बाहेरचं चाक जमिनीला चिकटून राहिलं होतं, गाडी कलत नव्हती. कडेला उभ्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मला वाटलं, व्हर्नियरचा फोटो आज कोणालातरी दाखवायलाच पाहिजे.

मग शेवटची सरळ रेघ आली. इथे काही कौशल्य लागत नाही. जोरात जायचं, जोरात ब्रेक मारायचा, चौकटीत थांबायचं. मी ब्रेक मारला. गाडीचं वजन पुढे आलं, आधीच फेंगडी असलेली चाकं आणखी फेंगडी झाली, आणि गाडी डावीकडे पळाली. मी उजवीकडे वळवली तर ती उजवीकडे, मागितलं त्याच्या दुप्पट. पुन्हा डावीकडे. चौकटीच्या कडेचा एक कोन पुढच्या बंपरखाली गेला आणि तिथेच अडकला, कारण बंपर आणि जमीन यांच्यामध्ये कोनाला बाहेर पडायला जागाच मी ठेवली नव्हती. कोन खरवडत, कर्कश आवाज करत गाडी चौकट ओलांडून गेली आणि चहाच्या टेबलाच्या बरीच अलीकडे एकदाची थांबली. टेबलाजवळच्या लोकांनी तोवर आपापले कप उचलून घेतले होते.

माइकवरचा माणूस म्हणाला, "गाडी थांबलेली आहे. सगळे सुखरूप आहेत. चहासुद्धा."

मी उतरून बंपरखाली आडवा झालो आणि कोन ओढू लागलो. तो येईना. वर्षाली आली, दार उघडून तिने स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवलं, म्हणजे चाक बाहेर येऊन मला हात घालायला जागा होईल. मग ती खाली बसली आणि तशीच बसून राहिली.

"निरंजन, इकडे ये."

"कोन निघतोय."

"कोन राहू दे. इकडे ये."

टायरची आतली कड, जी गाडी उभी असताना कधीच दिसत नाही, ती गुळगुळीत झाली होती. नक्षी तर नव्हतीच, एका जागी रबरही संपलं होतं आणि आतले तारांचे धागे चमकत होते. बाहेरची कड नव्यासारखी. आदल्याच दिवशी मी ती बाहेरची बाजू पॉलिश लावून काळी केली होती.

वर्षालीने त्या धाग्यांवरून बोट फिरवलं नाही, नुसतं जवळ नेलं. "पेशंट आला की मी आधी त्याची चप्पल उलटी करून बघते," ती म्हणाली. "हे एका बाजूने झिजलंय. नुसतं आत झुकल्यामुळे इतक्या लवकर एवढं झिजेल?"

"नाही." हे मला माहीत होतं. झुकलेलं चाक तरी गोल फिरतं. तोंड बाहेर फिरलेलं चाक पुढे जाताना सतत थोडं आडवं फरपटत असतं. "एवढं झिजतं ते टोमुळे. पण माझा टो बरोबर आहे. मी मोजलाय."

"मोजलास तेव्हा ती कशी उभी होती?"

"म्हणजे? पार्किंगमध्ये उभी होती."

"जॅकवरून उतरवल्यावर थोडी चालवलीस का? पुढे-मागे?"

"नाही. उतरवली की लगेच मोजली."

"मी पेशंटला टेबलावरून उतरवते आणि लगेच मोजत नाही. तो अवघडून, चवड्यांवर उभा असतो. थोडं चालायला लावते. अंग सैल पडलं की मग खरा उभा राहतो."

जॅकवर गाडी असते तेव्हा चाकं खाली लोंबतात. उतरवली की टायर जमिनीला घट्ट धरतात आणि चाकं आपल्या जागी सरकू शकत नाहीत. गाडी अंग चोरून उंच उभी राहते. थोडी ढकलली, दोनदा दाबली, की मग खाली बसते, आणि खाली बसताना माझ्या गाडीची चाकं आणखी बाहेर फिरतात. मी दुपारपर्यंत खपून जी मापं घेतली होती ती अगदी अचूक होती. फक्त ती माझ्या गाडीची नव्हती, चवड्यांवर उभ्या असलेल्या कुठल्यातरी गाडीची होती. गेटमधून बाहेर पडून स्पीडब्रेकरवर पोट घासलं त्या क्षणी ती मापं संपली. आणि कंपनीत नवी मुलं येतात त्यांना पहिल्याच दिवशी मी काय शिकवतो, तर तुकडा धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरमध्ये तो नीट बसल्याशिवाय मापाला हात लावायचा नाही. हे मी हात मागे बांधून, दम देऊन शिकवतो.

मला हसू आलं असतं, पण तेवढ्यात त्या तारा पुन्हा दिसल्या. आळंदीला जाताना आई मागच्या सीटवर बसली होती. आमच्या दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या. मी तसाच काँक्रीटवर बसून राहिलो. वर्षालीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चल," ती म्हणाली. "ही इथेच राहू दे आज."

गोदामाच्या चौकीदाराला सांगून गाडी तिथेच ठेवली. दोन्ही पुढचे टायर गेले होते, स्टेपनी एकच. सोपानरावांनी आम्हाला त्यांच्या गाडीत घेतलं. ते एका हाताने चालवत होते, दुसरा हात खिडकीबाहेर. गाडी नाकासमोर जात होती.

"पाव्हणं, पळाली मातर चांगली," शेवटी सोपानराव म्हणाले. "थांबंना, येवढंच."

पुढच्या आठवड्यात नवे टायर घालून गाडी हळूहळू घरी आणली. पुन्हा स्टूल मांडले, दोरा बांधला. या वेळी वर्षाली ड्रायव्हरच्या सीटवर बसली, कारण गाडी चालते तेव्हा आत माणूस असतो, हेही मला तिनेच सुचवलं. मी गाडी पुढे ढकलली, मागे ओढली, बॉनेट दाबलं, मग आधी काही न बदलता नुसतं मोजलं. टो-आउट इतका निघाला की मी तो आकडा दिग्विजयला आजवर सांगितलेला नाही.

प्रत्येक वेळी दांडा फिरवायचा, गाडी ढकलायची, मग मोजायचं. ढकलून ढकलून माझा शर्ट पाठीला चिकटला. वर्षाली आत बसून पेपर वाचत होती. सोपानराव खुर्चीवर होते. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही, पण एकदा आपणहून उठून मागून ढकलायला हात लावला.

चाकं सरळ झाली, आणि मग मी गाडी दुकानात नेली. मशीन लावलेल्या माणसाने विचारलं, "सगळं कंपनी सेटिंगला घेऊ का?"

"टो फक्त बघा. कॅम्बर असू द्या," मी म्हणालो. पडद्यावर टो हिरवा आला, कॅम्बर लाल. तो लाल आकडा मला बघायला बरं वाटलं. माणसाला काहीतरी आपलं हवं असतं.

त्या दिवशी परत येताना चाकोऱ्या होत्या, कंटेनर होते, आणि गाडी त्या सगळ्यांकडे दुर्लक्ष करून सरळ चालली होती. माझे हात स्टिअरिंगवर नुसते ठेवलेले. मला सुटल्यासारखं वाटलं आणि थोडं उदासही, कारण आता गाडीला माझी फारशी गरज उरली नव्हती.

पुढच्या ऑटोक्रॉसला नाव द्यायला गेलो तेव्हा वर्षाली म्हणाली, "माझंही लिही." तिने याआधी कोनाच्या आसपासही गाडी नेली नव्हती. मी तिला कुठे ब्रेक मारायचा, कुठे सोडायचा, नजर कुठे ठेवायची, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. आधी मी गेलो. वळणं पूर्वीइतकी झणझणीत नव्हती, पण गाडी चौकटीत थांबली, बरोबर मध्ये, आणि माइकवरच्या माणसाने माझं खास अभिनंदन केलं. मग ती गेली. शिट्ट्या नाहीत, टायरचा आवाज नाही, दळण आणायला निघाल्यासारखी शांत गेली आणि शांत परत आली. फळ्यावर तिची वेळ माझ्या वेळेच्या वर लिहिली गेली, माझ्याहून कमी. दिग्विजयने ती मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा.

"गाडीची सेटिंग माझी आहे," मी जमलेल्या लोकांना सांगितलं.

"हो, त्याचीच आहे," वर्षाली म्हणाली. तिने ते इतक्या मनापासून सांगितलं की कोणालाच खरं वाटलं नाही.

परतीला तीच चालवत होती. म्हणाली, "तू वळायला लागल्यावरही ब्रेकवर पाय ठेवतोस. म्हणून वेळ जातो." आळंदी फाटा आला तेव्हा मी म्हणालो की तिच्या वेळी वारा मागून होता.

"असेल," ती म्हणाली, आणि पुढच्या टेम्पोला ओलांडायला तिने इंडिकेटर दिला.